अलीकडे माढा, पलीकडे माहेर

माढ्याला मुद्दाम म्हणून कोणी जात नाही. पंढरपूरचे वारकरी कुर्डुवाडीलाच उतरतात, आणि सोलापूरचे प्रवासी माढा स्टेशन येते तेव्हा डब्यात डुलक्या घेत असतात. गाव तालुक्याचे खरे. पण तालुक्यातली वर्दळ सगळी कुर्डुवाडीला आणि टेंभुर्णीला. माढ्याच्या वाट्याला कचेरी, कोर्ट, आठवड्याचा बाजार आणि एक भुईकोट एवढेच आलेले. २००९ पासून लोकसभेचा एक मतदारसंघ माढ्याच्या नावाने ओळखला जातो, त्यामुळे निवडणूक आली की हे नाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकते. निकाल लागला की गाव पुन्हा आपल्या ज्वारीत बुडून जाते. ज्वारीत हे जुन्या सवयीने म्हटले. उजनीचे पाणी फिरल्यापासून उसात म्हणायला हवे.

मी जाते ती आजीच्या घरासाठी. आजी जाऊन आता बारा वर्षे झाली. घराला दोन खण, पुढे ओसरी, मागे परसात एक शेवगा. चुलतभाऊ ते झाडून-पुसून ठेवतो आणि दर दिवाळीला 'ताई, आता हे विकून टाकू या का?' असे विचारतो. मी दर दिवाळीला 'पुढच्या वर्षी बघू' असे सांगते. आमचा दोघांचाही हा एक सणाचाच भाग होऊन बसला आहे.

पुण्याला मी ज्या कॉलेजात मराठी शिकवते तेथे दर ऑगस्टात वक्तृत्वस्पर्धा होते. विषय ठरलेला: 'स्वातंत्र्य : माझ्या दृष्टीने'. परीक्षक म्हणून मला बसवतात. मुले छान बोलतात, हातवारे करतात, टिळकांपासून सुभाषबाबूंपर्यंत सर्वांना हजर करतात. फक्त 'माझ्या दृष्टीने' एवढे तेवढे राहून जाते. अशा वेळी मला आजी आठवते. तिला कोणी व्यासपीठावर उभे केले असते तर तिचे भाषण अर्ध्या मिनिटात आटोपले असते. स्वातंत्र्य म्हणजे दिवाळसणाला माहेरी जायला मिळणे. ती हे विनोदाने म्हणत नसे. ते कसे, हे सांगायचे तर आधी थोडा भूगोल सांगावा लागेल.

माढ्याचा भुईकोट रावरंभा निंबाळकरांचा. माढेश्वरीचे देऊळही त्याच घराण्याचे, आणि करमाळ्याच्या कमळाभवानीचेही. रंभाजी निंबाळकर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला निजामाच्या पदरी गेले आणि 'रावरंभा' हा किताब त्यांना तेथे मिळाला. म्हणजे निजाम हा माढ्याला काही अगदी परका नव्हे. पुढे राज्ये फिरली. माढा, बार्शी, करमाळा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आली. परंडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिले. मधे सीना. उन्हाळ्यात जिच्यातून गुडघाभर पाण्यात बैलगाडी सहज पार होई, अशी ही नदी काही अंतरापर्यंत दोन राज्यांची हद्द झाली.

अलीकडे कलदार रुपया चाले, पलीकडे हाली सिक्का. हालीचे सात म्हणजे कलदार सहा. हा हिशेब आजीला मरेपर्यंत तोंडपाठ होता, जरी तिच्या हातात आयुष्यभर सात रुपये एकदम क्वचितच आले. पलीकडे टपालाची तिकिटे निराळी. माध्यमिक शाळेत मुलांना शिकायचे ते उर्दूतून. आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका. माल इकडून तिकडे न्यायचा तर जकात द्यायची, आणि नेणारी बाई असली तरी गाठोडे सोडून दाखवायचे. आजीचे माहेर परंड्याच्या बाजूच्या एका खेड्यात. लहानपणी आईबरोबर कुर्डुवाडीच्या बाजाराला येताना तिने ते नाक्यावरचे उचकणे पाहिले होते. एकदा आईने सांडग्या-कुरडयांची चुंबळ बांधून आणली होती, ती शिपायाने काठीच्या टोकाने उलगडून पाहिली. कुरडया मोडल्या. त्याबद्दल पैसे पडले नाहीत, पण आजी त्या कुरडया साठ वर्षांनी सांगतानासुद्धा हाताने मोडून दाखवी.

मी लहान असताना आजीबरोबर कुर्डुवाडी-परंडा एस.टी.ने जात असे. ही गोष्ट १९८८-८९ ची. एका ठिकाणी आले की आजी मांडीवरच्या पिशवीचे बंद सोडी. गाडी पुढे गेली की परत बांधी. मी विचारले तर म्हणे, 'काही न्हाई, हवा लागू दे.' तिथे नाका होता हे मला मामाआजोबांनी, म्हणजे तिच्या भावाने, पुढे केव्हातरी सांगितले.

आपल्या भाषेत 'मोगलाई' हा शब्द आहे. निजामाच्या मुलखाला अलीकडचे लोक मोगलाई म्हणत, आणि त्यातूनच 'ही काय मोगलाई लागून गेली?' असे म्हणायची रीत पडली. वर्गात मी हा वाक्प्रचार शिकवते. घरात मात्र तो आजीसमोर उच्चारायची सोय नव्हती. आजोबा लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर. शाळेतला गोंधळ सांगताना एकदा त्यांच्या तोंडून हे वाक्य गेले, तेव्हा आजी चुलीपुढून म्हणाली, 'माझं माहेर हाय ते.' त्यानंतर आजोबा 'अंदाधुंदी' म्हणू लागले.

आजीचे लग्न १९४७ च्या वैशाखात झाले. तिला पंधरावे लागले होते. त्याच दिवसांत, १ मे पासून, पंढरपूरला तनपुरे महाराजांच्या मठात सानेगुरुजी उपोषणाला बसले होते. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे, एवढीच त्यांची मागणी. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर हेच सांगत हिंडले होते. पंढरपूर माढ्याहून जवळ. वऱ्हाडात दुसरा विषय नव्हता. पंगतीत दोन तट पडले. आजीच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, 'देव बाटेल' असे काहीतरी म्हटले, आणि नवरदेवाच्या वेशातल्या आजोबांनी मुंडावळ्या बाजूला सारून वडिलांना उत्तर दिले. भर मांडवात! लग्न मोडते की काय अशी वेळ आली. दहाव्या दिवशी, १० मे ला, उपोषण सुटले. मंदिर खुले व्हायचे ठरले. आजी सांगे, की नवऱ्याचे तोंड तिने पहिल्यांदा नीट पाहिले ते त्या वेळी, रागाने लाल झालेले. तिला ते आवडले. त्या काळच्या बायका असली गोष्ट इतक्या उघडपणे बोलत नसत, आजी बोले.

मला नेहमी वाटते, की देश स्वतंत्र व्हायला तीन महिने उरले असताना ज्याला विठोबाच्या पायावर डोके ठेवायला बंदी होती, त्याचे स्वातंत्र्य दिल्लीहून यायचे नव्हते, ते पंढरपुरातच अडलेले होते. माढ्याचे लोक ज्या रस्त्याने वारीला जात त्याच रस्त्यावर.

मग १५ ऑगस्ट आला. सोलापूर जिल्ह्याला त्या दिवसाचे विशेष अप्रूप असणारच. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात गोळीबार झाला होता, मार्शल लॉ पुकारला गेला होता, गांधी टोपी घातली म्हणून लोकांनी मार खाल्ला होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला फाशी दिले. आजोबा दरवर्षी त्या तारखेला वर्गात ही चार नावे फळ्यावर लिहीत आणि मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेत. इंग्रजांच्या नोकरीतही लिहीत. तेव्हा फक्त दार लोटून घेत. त्या ऑगस्टात त्यांनी प्रभातफेरी काढली, गूळखोबरे वाटले, रात्री घरी आले ते आवाज पार बसलेला. नवी नवरी दारात उभी. तिने विचारले, 'म्हंजे आता नाका उठला का?'

आजोबांना उत्तर देता आले नाही. नाका उठला नव्हता. निजाम मीर उस्मान अली खान हिंदुस्थानात सामील झाला नव्हता. हैदराबाद संस्थान म्हणजे काही लहान जहागीर नव्हे. दीड कोटीवर वस्ती, आणि मराठी बोलणारे पाच जिल्हे त्यात अडकलेले. स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस लढत होती, स्वामीजी तुरुंगात गेले होते. इकडे तिरंगा, तिकडे तो लावला तर तुरुंग. मधे तीच सीना, आणि पावसाळ्याचे दिवस म्हणून दुथडी भरलेली.

त्या वर्षी आजीचा पहिला दिवाळसण. जावई सासरी जायचा, अभ्यंगस्नान, मानपान. माहेरून निरोप आला: येऊ नका. मराठी घरातल्या लग्न झालेल्या पहिल्या वर्षीच्या मुलीला 'दिवाळीला येऊ नका' हा निरोप म्हणजे काय, हे मी वाचकांना सांगायला नको. नोव्हेंबरअखेर निजामाशी 'जैसे थे' करार झाला. आजोबांनी वर्तमानपत्रातले ते दोन शब्द मोठ्याने वाचून दाखवले. जैसे थे. आजी म्हणाली, 'म्हंजे न्हाईच.' कराराचे याहून नेमके भाषांतर मी वाचलेले नाही.

पुढचे दहा महिने वाईट गेले. लातूरच्या वकिलीतून पुढे आलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत घातली. सरहद्दीच्या अलीकडे, मुंबई इलाख्यात, मुक्तिसंग्रामातल्या तरुणांचे कॅम्प उभे राहिले. बार्शीच्या बाजूला, सोलापूरच्या बाजूला पलीकडचे लोक पोटापाण्याचे सामान घेऊन येऊ लागले. १९४८ च्या संक्रांतीनंतर आजीची आई आणि धाकटा भाऊ रात्रीचे निघून माढ्याला आले. वडील गुरांसाठी मागे राहिले. मुलीच्या सासरी राहायचे, तिचे मीठ खायचे, ही आईला लाज. ती आठ महिने ओसरीवर झोपली, आतल्या खोलीत पाऊल टाकले नाही. लेक माहेरी जाऊ शकली नाही म्हणून माहेरच सासरी आले, पण त्यात सुख कोणालाच नव्हते.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या. मुख्य तुकडी सोलापूरहूनच नळदुर्गाच्या रस्त्याने गेली. १७ तारखेला निजाम शरण आला. पाच दिवसांत सगळे आटोपले. आणि दीड महिन्याने, दिवाळीला, आजी-आजोबा बैलगाडीने निघाले. नाक्याची खोली उघडी पडली होती, आत कोणीतरी कडबा भरला होता. गाडीवानाने बैल थांबवले नाहीत. आजी म्हणे, 'मी आपली गाठोडं सोडून बसले होते. कुनी बघायला आलंच न्हाई.'

एवढ्यावर आजीची गोष्ट संपती तर ती शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगण्याजोगी झाली असती. ती संपत नाही. माहेरच्या गावात, तिच्या घरापासून चौथे घर मणेराचे. मणेरीण चाची. आजीला पहिल्या बांगड्या तिने भरल्या, लग्नाचा चुडाही तिनेच भरला, आणि चुडा भरताना हात दुखू नये म्हणून ओठातल्या ओठात काहीतरी गाणे म्हणत असे. दिवाळसणाला हिरव्या बांगड्या भरायच्या म्हणून आजी पहिल्याच दिवशी तिच्या दारात गेली. दाराला बाहेरून कुलूप. अंगणातल्या तुळशीसारख्या जोत्यावर चाचीने सब्जा लावला होता, तो वाळून गेला होता. शेजारी कोणी धड सांगेना. हैदराबादला गेले, सोलापूरला गिरणीत गेले, कोणी म्हणे कुठे गेले ते विचारू नकोस.

पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात जे घडले ते आपल्याकडे फार दिवस कोणी मोठ्याने बोलले नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षी हिंडून अहवाल दिला. तो लोकांपुढे यायला २०१३ साल उजाडले. संस्थानात मिळून २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा त्यांचा अंदाज, आणि सर्वांत होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद एक. मारलेल्यांतले बहुतेक मुसलमान, आणि त्यातले किती रझाकार होते? मणेर काय रझाकार होता? तो काचेचा माल डोक्यावर घेऊन बाजार करणारा माणूस. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे, आजीच्या आईचे ते आठ महिने खरे, आणि ते कुलूपही खरे. एकाने दुसरे फिटत नाही. आजोबा फळ्यावर कुर्बान हुसेनचे नाव लिहीत तेव्हा, आजी सांगे, १९४८ नंतर ते नाव लिहून झाल्यावर थोडा वेळ पाठमोरेच उभे राहत. हे तिला शाळेतल्या मुलांनी सांगितलेले.

आजी त्या दिवाळीला बांगड्या न भरताच राहिली. पुढे माहेरी कितीदा गेली, पण बांगड्या तिथे भरल्या नाहीत.

मामाआजोबांची तऱ्हा निराळी. त्यांची सुरुवातीची शाळा उर्दूत झाली, पुढे मराठीत. हिशेब ते अखेरपर्यंत उर्दू आकड्यांत मांडत. मी मराठीची एम.ए. झाले तेव्हा त्यांना वाटले मला आनंद होईल म्हणून त्यांनी सांगितले, 'आमच्यावर उर्दूची सक्ती होती बघ.' मी विचारले, 'मग अजून उर्दू वाचता कसे?' तर म्हणाले, 'सक्ती सरकारची. भाषेनं काय केलं?' साहित्यसंमेलनांतून ऐकलेल्या पुष्कळ भाषणांपेक्षा हे वाक्य मला जास्त उपयोगी पडले आहे.

गेल्या काही वर्षांत मी एक नाद लावून घेतला आहे. १७ सप्टेंबरला जमल्यास रजा काढायची, माढ्याला यायचे, आणि तिथून परंड्याला जायचे. त्या दिवशी मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन. परंड्याला कचेरीवर ध्वजवंदन होते, शाळांतून फेऱ्या निघतात. माढ्याला त्या दिवशी काहीही नसते. साधा वार, दुकाने उघडी. एका तासाच्या अंतरात देशाचा सण सुरू होतो. शब्दही बदलतो. माढ्याकडे 'स्वातंत्र्य' म्हणतात, परंड्याकडे 'मुक्ती'. भाषाशास्त्रात दोन्हींना समानार्थी म्हणतील, पण बोलणाऱ्याला विचारा. स्वातंत्र्य मिळते, मुक्तीसाठी कोणीतरी बांधलेले असावे लागते. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला सगळे मिळून महाराष्ट्र झाले, त्या हद्दीचा आज जिल्ह्याच्या पाटीपलीकडे मागमूस नाही. शब्दात तेवढा राहिला आहे.

वाटेत मी शक्य तर डोमगावला जाते. सीनेच्या काठी कल्याणस्वामींची समाधी आहे. समर्थ सांगत आणि कल्याण लिहून घेत. त्या हातची दासबोधाची प्रत या मठाने जपली. धुळ्याच्या शंकरराव देवांनी दासबोध छापायला घेतला तो या प्रतीच्या आधाराने. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, मोडनिंबजवळ, अरण. तेथे सावता माळी १२९५ मध्ये समाधिस्थ झाले. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्याकडे आला, अशी श्रद्धा आहे आणि अजूनही विठ्ठलाची पालखी अरणला येते. मला यातली गंमत अशी वाटते, की सावतोबा इंग्रजांच्या हद्दीत आणि कल्याणस्वामी निजामाच्या. शंभर-सव्वाशे वर्षे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा एक पाय अलीकडे आणि एक पाय पलीकडे होता, आणि मधे शिपाई काठीने गाठोडी उलगडत होता. पुस्तकात मी हे कधी वाचले नाही. पुस्तके पुण्या-मुंबईत लिहिली जातात.

२०२५ चा सप्टेंबर मात्र निराळा होता. महिनाअखेर सीनेला असा पूर आला की दोन्ही काठ एक झाले. माढ्याकडची शेते गेली, परंड्याकडचीही गेली. चुलतभावाचा ऊस आडवा झाला, मामाआजोबांच्या नातवाची माती खरवडून गेली. फोनवर दोघे एकमेकांना 'तुमच्याकडं किती?' असे विचारत होते.

त्याच्या आदल्या वर्षी, १७ तारखेला, ध्वजवंदन पाहून मी आजीच्या माहेरी गेले होते. मणेराच्या घराच्या जागी आता कोणाचे तरी पत्र्याचे कोठार आहे. ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारले, की गावात बांगड्या भरायला हल्ली कोण येते?

'कोन येतंय आता! परंड्याला जायचं. बाजारात मणेराचं दुकान हाय की.'

परतताना मी परंड्याच्या बाजारात उतरले. दुकान लहान, आरसे लावलेले, भिंतीवर काचेच्या बांगड्यांच्या नळ्या. एक साठीच्या बाई बसल्या होत्या. माझा हात त्यांनी हातात घेतला, दाबून पाहिला आणि म्हणाल्या, 'लिहिणारा हात दिसतो. सव्वादोनची लागेल.' हिरव्या एक डझन भरून घेतल्या. भरताना त्या पलीकडच्या दुकानदाराशी कांद्याच्या भावाबद्दल बोलत होत्या. तुम्ही मूळच्या कुठल्या गावच्या, असे विचारायचे माझ्या अगदी ओठांवर आले होते. विचारले नाही. त्यांनी मात्र मला विचारले.

'माढ्याची,' मी म्हणाले.

'पावणी म्हणायची मग,' असे म्हणून त्यांनी एक बांगडी वर भरली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.